सातवा नियम

पाळकांच्या खुर्चीवर बसायचं नाही असं घरात कुणी ठरवलं नव्हतं, तरी पाळक वारल्यापासून वर्षभरात तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. आज तिच्यावर पाच बंद पाकिटं होती. टेबल रिकामं असताना ताईनं ती तिथेच ठेवली, दोनदा कडा जुळवून सरळ केली आणि मग चष्मा पुसायला घेतला. शाळेची मुख्याध्यापिका झाल्यापासून ती घरीसुद्धा घंटा व्हायची वाट बघत असल्यासारखी बसायची.

चर्चमधली रविवारची उपासना आटोपून मंडळी आपापल्या घरी गेली होती. पुढच्या खोलीत दुपारचं मरगळलेलं ऊन आलं होतं. आई खिडकीजवळच्या लाकडी बाकावर, पाय पोटाशी घेऊन. तिच्यासमोर वकील. तो या घरचा नव्हता, पण पंधराव्या वर्षापासून याच घरात जेवलेला होता, आणि पाळकांच्या नावानं शिष्यवृत्ती काढायची कल्पनाही त्याचीच. आणि दाराजवळच्या स्टुलावर, निरोप द्यायला आलेल्या माणसासारखा, खिळ्या.

खिळ्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी सुट्टीत मंडळीच्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला बसायचा, म्हणून वडिलांनीच, म्हणजे पाळकांनी, ठेवलेलं नाव. पंचेचाळिशीला आला, स्वतःचा छापखाना झाला, मशीनच्या आवाजानं डावा कान गेला, तरी नाव तेच होतं. वडिलांकडून घेतलेली तेवढी एकच वस्तू त्यानं परत केली नव्हती.

सव्वीस वर्षांपूर्वी मोठ्या शहरातल्या एका कॉलेजनं मंडळीसाठी एक जागा राखली होती, राहण्याजेवणासकट, पाळकांच्या शिफारशीवर. पोरं दोन होती. दोघंही हुशार, दोघंही एका बाकावरची. पाळकांनी मुलाचं नाव न देता त्याच्या मित्राचं दिलं. मित्र वकील झाला. मुलगा वडिलांना म्हणाला, "का दिलं नाहीत, ते सांगा. सांगाल तेव्हा माझ्या दारात या, आत घेईन." आणि घर सोडून गेला. पाळक असेपर्यंत त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नाही. घरात या विषयावर कुणी बोलत नसे. मंडळीत मात्र पाळक किती निःपक्षपाती होते याचं उदाहरण म्हणून ती गोष्ट अजून सांगितली जायची.

आज खिळ्या आला होता तो कामापुरता. ज्याची निवड होईल त्याचं नाव प्रमाणपत्रावर हातानं लिहायचं होतं, आणि त्याच्यासारखं अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. कागद, बोरू आणि शाई घेऊन तो आला, सोबत मुलगी. मुलगी आत स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

"सुरुवात करू या?" ताई म्हणाली. "बाबांच्या पद्धतीनं."

नावं झाकायची ही पद्धत पाळकांची. तरुण संघाच्या बैठकीत ते मुलांना आपापली अडचण चिठ्ठीवर लिहायला लावायचे, वर नाव नाही, नुसता आकडा. "नाव दिसलं की आपण नावाला उत्तर देतो," म्हणायचे. म्हणून अर्जांनाही आकडे दिले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून वकिलाच्या ऑफिसातल्या बाईंनी पाचही निबंध टाईप करून दिले होते. नावं त्या खुर्चीवरच्या पाकिटांत. निबंधाचा विषय एकच : पाळकबाबांनी तुम्हाला काय शिकवलं?

पहिल्यानं प्रामाणिकपणा लिहिला होता. दुसऱ्यानं शिस्त, आणि ती पाच मुद्द्यांत. वकिलानं जांभई दाबली. ताईनं तिसरा कागद उचलला आणि वर्गात वाचावं तशी स्वच्छ वाचू लागली.

"पाळकबाबांनी मला काही शिकवलं नाही. ते मला फक्त शनिवारी भेटायचे. आमच्या गल्लीत एक दुकानदार आहे. तो त्यांच्यावर रागावलेला होता. बाबा दर शनिवारी अकरा वाजता यायचे आणि त्याच्या दुकानासमोर उभे राहायचे. दार उघडंच असायचं. ते आत जायचे नाहीत आणि तो बाहेर यायचा नाही. मी सहा-सात वर्षांची होते, तेव्हा पहिल्यांदा विचारलं, हाक का मारत नाही? ते म्हणाले, त्यानं मला एक प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे, पण ते द्यायची मला मोकळीक नाही. मग येता कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, मी आलो नाही असं त्याला वाटू नये म्हणून."

ताई थांबली, घोटभर पाणी प्यायली. आईनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली होती.

"मग मी त्यांच्या शेजारी उभी राहू लागले. दहा मिनिटं. आम्ही फारसं बोलायचो नाही. शेवटच्या वर्षी त्यांचे पाय थरथरायचे, म्हणून मी घरातून स्टूल आणलं. ते बसले नाहीत. म्हणाले, बसलो तर त्याला वाटेल मी वाट बघतोय. मी वाट बघत नाही, मी नुसता आलोय. बोलता येत नसेल तेव्हा माणसाजवळ जाऊन उभं राहायचं असतं, एवढं मला त्यातून कळलं. हे शिकवणं म्हणतात का ते माहीत नाही. मला श्रवणतज्ज्ञ व्हायचं आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी."

ताईनं कागद खाली ठेवला आणि त्याच्या कडा जुळवल्या. तीस-तीस मुलांचे निबंध एका बैठकीत तपासणारी बाई, पण हा कागद तिनं पुन्हा एकदा वरपासून पाहिला.

"कुठला कोण दुकानदार," ती शेवटी म्हणाली. "बघा, बाबा शनिवारी जायचे ते इथे. आम्हाला वाटायचं आजाऱ्यांना भेटायला जातात."

चौथा आणि पाचवा निबंधही वाचून झाले, पण ते आता कुणी ऐकत नव्हतं.

---

खिळ्यानं उजवा कान पुढे केला होता, म्हणून त्याला सगळं ऐकू आलं. दुसऱ्या वाक्यालाच त्याला कळलं की ही आपली गल्ली, आपलं दुकान, आणि आपली मुलगी. टिंब. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून टिंब. त्यानं बोरू पिशवीत ठेवला, परत काढला.

तिनं अर्ज कसा केला? नियमात बसत नव्हतं. नियमांचा कागद ताईनं स्वतःच्या हातानं लिहून छापायला दिला होता, आठ नियम, आणि सातवा तिनं अधोरेखित केला होता : पाळकांच्या कुटुंबातील व नात्यातील कोणीही अर्ज करू नये. तो वाचून खिळ्याला हसू आलं होतं. मेल्यावरही म्हाताऱ्यानं दार लावूनच घेतलं, असं तो बायकोला म्हणाला होता. मग फॉर्म कम्प्युटरवर टाईप करायला त्यानं टिंबकडेच दिला होता.

"तीन," वकील म्हणाला. "माझं मत तीनला."

"माझंही," ताई म्हणाली. "आई?"

आईनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण ताईनं हो धरलं, पाकीट उचललं आणि कात्रीनं नीट कापलं. आतलं नाव तिनं एकदा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं.

"हे काय आहे?" ती भावाकडे वळली. "टिंबनं अर्ज केलाय?"

खिळ्या बोटांत बोरू फिरवत राहिला.

"सातवा नियम काय आहे? छापलास ना तूच?" तिनं फायलीतून छापील फॉर्म ओढला आणि बोट ठेवून वाचत गेली. "पाच... सहा... सात. अर्ज निळ्या किंवा काळ्या शाईनं भरावा." बोट तिथेच राहिलं. "हा तर आठवा होता. सातवा कुठे गेला?"

वकिलानं फॉर्म हातात घेतला. "सातच नियम आहेत यात."

"ते मला दिसतंय. मला मोजता येतं."

खिळ्याच्या डोळ्यांसमोर आता सगळं लख्ख होतं. कम्प्युटरवर मधली ओळ काढली की खालचे आकडे आपोआप वर सरकतात. आणि प्रूफ तो वाचायचा उलटं, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. दहा वर्षांचा असताना वडिलांनी लावलेली सवय. सरळ वाचलं की अर्थ पुढे ओढतो आणि डोळा फसतो, म्हणायचे. उलटं वाचताना चुकलेली वेलांटी सापडते, तुटलेला काना सापडतो. नसलेली ओळ मात्र सापडत नाही. इतक्या वर्षांत त्याच्या छापखान्यातून चुकीचं अक्षर गेलं नव्हतं, आणि हा अख्खा नियम त्याच्या नाकाखालून गेला होता.

"मी काढली ती ओळ," तो म्हणाला.

"तू?"

"हो. मुलीला मिळावी म्हणून."

ताईला राग आला, आणि रागाबरोबर जरा बरंही वाटलं. भावासमोर तिला इतकी वर्षं उगाचच ओशाळल्यासारखं व्हायचं. आता तसं व्हायचं कारण उरलं नव्हतं. "बाबांच्या नावाच्या कागदात तू हात घातलास? त्यांनी स्वतःच्या मुलाचं नाव दिलं नाही, तुझं, आणि त्यासाठी काय काय सोसलं, आणि तू..."

"त्यांनी सोसलं," खिळ्या म्हणाला. "बरं."

वकील मात्र फॉर्मकडे नाही, मित्राकडे बघत होता. कोर्टात खोटं बोलणारी माणसं त्यानं रोज पाहिलेली. निबंध वाचला जात असताना या माणसाचा चेहरा कसा पांढरा पडला होता, तेही त्यानं पाहिलं होतं. ज्याला आधीपासून ठाऊक असतं तो असा पांढरा पडत नाही.

"कायद्यानं बोलायचं तर," तो सावकाश म्हणाला, "छापलेल्या फॉर्मवर जे नाही ते अर्जदाराला लागू होत नाही. ज्यांनी फॉर्म भरले त्यांना हा नियम सांगितलेलाच नव्हता."

"तू कायदा बोलू नकोस. तू तर बोलूच नकोस."

वकिलानं फॉर्म टेबलावर परत ठेवला. या घरात त्याला कुणी हे तोंडावर सांगितलं नव्हतं, पण सव्वीस वर्षं तो हेच ऐकायची तयारी ठेवून यायचा.

---

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं आणि चहा केव्हाच उकळून काळा झाला होता. टिंबनं गॅस बंद केला.

ओळ काढली त्या दुपारी तिचे बाबा जेवायला गेले होते. तिनं आधी आठही नियम टाईप केले. सातव्याशी आल्यावर तिला आजोबांचे पाय आठवले, काळ्या चपलेतले, थरथरणारे. दहा वर्षं ती त्यांच्या शेजारी उभी राहिली होती, आणि हा कागद तिला सांगत होता की त्यांच्याबद्दल बोलायची फक्त तिला मनाई आहे. तिनं ओळ काढली. बाबा पकडतील, असं तिला वाटलं होतं. पकडलं असतं तर तिनं मुकाट परत घातली असती. त्यांनी पकडलं नाही, आणि मग ती भीत भीत वाट बघत राहिली. आणि आता ते पलीकडच्या खोलीत तिच्यासाठी चोर ठरत होते.

ती कप न घेताच बाहेर आली.

"आत्या, ओळ मी काढली. बाबांना माहीतही नव्हतं. मी अर्ज केला तेही नाही."

"टिंब, आत जा," खिळ्या म्हणाला.

"खोटं बोलताहेत ते."

"आत जा म्हटलं ना."

"उलटं वाचतात, म्हणून दिसलं नाही त्यांना. तुम्ही विचारा."

ताईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिलाही लहानपणी वडिलांनी उलटं वाचायला बसवलं होतं; तिला ते कधी जमलं नाही, भावाला जमलं. ती खुर्चीच्या हातावर टेकली, पाळकांच्या, आणि लगेच उठली. "म्हणजे तू चोरी केलीस, आणि हा ती पाठीशी घालत होता. छान. छान चाललंय."

"त्यांनी पाठीशी घातलं कारण..."

"कारण मला कळतं. बापाला मुलीचं वाटणारच. पण नियम नियम असतो, आणि घरच्यांना द्यायचं नाही हा बाबांचाच होता."

"नव्हता," आई म्हणाली.

---

आई इतका वेळ गप्प होती, ती काही ऐकत नव्हती म्हणून नव्हे. तिनं मुलाला "मी काढली ती ओळ" म्हणताना ऐकलं, आणि त्या आवाजात तिला नवरा ऐकू आला. असाच, सपाट, जमिनीकडे बघत. त्या दिवशी पोरगा या खोलीत उभा राहून विचारत होता, का दिलं नाहीत माझं नाव, आणि ते म्हणाले होते, "माझा निर्णय आहे." तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं. तिच्याकडे बघितलं तर पोराला कळेल, म्हणून.

आता बोललं नाही तर हे असंच चालू राहणार, आणि बोललं तर नवऱ्यामागे मुलगाही जाणार. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तोटा समजायला वेळ लागत नाही.

"नियम माझा होता," ती म्हणाली. "त्यांनी शिफारशीची चिठ्ठी तुझ्या नावाची लिहिली होती, खिळ्या. तुझ्याच नावाची. रात्रभर बसून, दोन पानं."

खिळ्यानं उजवा कान तिच्याकडे वळवला.

"मी ती फाडली. त्याच महिन्यात ताईला मंडळीच्या शाळेत नोकरी लागली होती. कमिटीनं दिली होती, यांनी शब्द टाकला नव्हता, पण लोक बोलतच होते. बाजारात दोन बायका माझ्या तोंडावर म्हणाल्या, पाळकाच्या घरात सगळं जातंय. आता मुलाची जागाही घरातच गेली असती तर यांना इथून हलवलं असतं. असं मला वाटलं. मी म्हटलं, मित्राचं नाव द्या. ते नाही म्हणाले. मी तीन दिवस जेवले नाही. मग त्यांनी दिलं."

"आई," ताई म्हणाली. सव्वीस वर्षांची नोकरी, शेवटी तिची शाळा, तिची खुर्ची, सगळं एकदम तिच्या मांडीवर येऊन पडलं होतं आणि कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

"आणि मी त्यांच्याकडून शब्द घेतला," आई म्हणाली. "की पोराला सांगणार नाही. मला भीती होती, तो मला आई म्हणायचा नाही. मला वाटलं, वर्षभरात निवळेल. पुरुष माणसांचं भांडण ते, निवळतं. मग दोन वर्षं झाली. मग सांगायची लाज वाटायला लागली. ते दर शनिवारी जायचे ते मला माहीत होतं. आल्यावर विचारायचे नाही मी काही. नुसते त्यांचे पाय दाबून द्यायचे मी."

टिंब हळूच भिंतीला टेकली. उत्तर द्यायची मोकळीक नाही, म्हणजे हे होतं.

खिळ्या उठला नाही. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. बोलला तेव्हा आवाज नेहमीचाच होता, जरा मोठा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा.

"ते यायचे ते मला दिसायचं. ते आले की मी मशीन चालू करायचो. काम नसलं तरी. कागद न घालता."

"माहीत आहे मला," टिंब म्हणाली. निबंधात तिनं तेवढंच लिहिलं नव्हतं.

"कागद असला की दर फेरीला फस्स होतं. ओढला जातो ना तो. रिकामं असलं की नुसतं खटखट. ऐकणाऱ्याला लगेच कळतं." तो आईकडे बघत होता. "त्यांना कळत होतं, आई. छापखान्यात बोट धरून मला त्यांनीच नेलं होतं. त्यांना बाहेर उभं राहून कळत होतं की हा माझा आवाज ऐकायला नको म्हणून रिकामं मशीन चालवतोय. आणि तरी पुढच्या शनिवारी यायचे."

"खिळ्या..."

"तू एकदा सांगितलं असतंस तर मी मशीन बंद केलं असतं."

आई रडली नाही. तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

वकिलानं खिशातून रुमाल काढून हातात नुसता धरून ठेवला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "खरंच नव्हतं. मला वाटायचं, त्यांना मी जास्त..." वाक्य त्यानं तिथेच सोडलं. आयुष्यभर त्याला जे वाटत आलं होतं ते या खोलीत पुरं करण्यासारखं नव्हतं.

"तुझा काही दोष नाही रे," खिळ्या म्हणाला. घर सोडल्यापासून त्यानं मित्राला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं, पण त्या घटकेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटी ताईनं घसा साफ केला. तिला काहीतरी धरून उभं राहायला हवं होतं, आणि हाताशी नियमच होता. "जे झालं ते झालं. पण टिंबनं फसवून अर्ज केलाय, ते बदलत नाही. हिला दिली तर उद्या मी शाळेत मुलांना कुठल्या तोंडानं सांगू? माझं मत नाही. पाच नंबरला देऊ."

"माझं मत तीन," वकील म्हणाला. "तेच होतं, तेच आहे."

मग सगळेच आईकडे बघू लागले. शिष्यवृत्तीच्या ट्रस्टवर तीनच माणसं होती, ताई, वकील आणि आई.

खिळ्या उभा राहिला. "देऊ नकोस, आई. तुझ्या हातून नको. माझी मुलगी आहे, मी बघीन तिचं. छापखाना विकीन."

"बाबा, अर्ज माझा आहे," टिंब म्हणाली. त्याच्या डाव्या बाजूनं म्हणाली, त्यामुळे त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मग ती फिरून उजव्या बाजूला आली. "अर्ज माझा आहे. मी ओळ काढली ते चुकलं, त्याची काय असेल ती शिक्षा करा. पण तुम्ही माझ्या वतीनं नको म्हणू नका. तुमच्या वतीनं म्हटलं होतं ना कुणीतरी."

खिळ्या आईकडेच बघत राहिला, आणि त्या बघण्यात काय आहे ते आईला पुरतं कळत होतं. हो म्हटलं की नातीला कॉलेज, आणि मुलगा गेला. नाही म्हटलं की मुलगा कदाचित येईल, कधीतरी, सणासुदीला नाही तरी आजारपणाला. त्या वेळी तिनं लोकांना घाबरून ठरवलं होतं. या वेळी घाबरायला एकच माणूस होता, आणि तो समोर उभा होता.

"तीन," आई म्हणाली. "टिंबला द्या."

---

नाव लिहायचं काम खिळ्याचं होतं, आणि घेतलेलं काम तो सोडत नसे. त्यानं टेबलाशी बसून कागद पसरला, कोपऱ्यांवर टिंबनं आणून दिलेले रिकामे कप ठेवले, बोरू शाईत बुडवून कडेला पुसला आणि मुलीचं पूर्ण नाव लिहिलं, मधे आपलं नाव, शेवटी वडिलांचं आडनाव. हात एकदाही हलला नाही. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत तो वाकून शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत वाचत गेला. मग बोरू धुतला, पिशवी उचलली आणि आईकडे न बघता, पायरी नीट बघून, उतरून गेला. टिंब थोडी थांबली, आजीच्या खांद्याला हात लावला आणि बापाच्या मागे गेली.

ताईनं उरलेली पाकिटं गोळा केली. तो काळा चहा तिनं गाळून आईला दिला आणि स्वतःही घेतला. दोघी काही बोलल्या नाहीत. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "मला तरी सांगायचंस गं," आणि उत्तराची वाट न बघता गेली.

शनिवारी अकरा वाजता आई त्या गल्लीत गेली. पाळकांची काठी तिला उंच होत होती, तरी तीच घेतली होती. छापखान्याचं दार उघडं होतं. आतून मशीनचा आवाज येत होता, आणि तिनं कान देऊन ऐकलं : दर फेरीला फस्स, फस्स. कसल्या तरी पावत्या छापत असावा. समोरच्या भिंतीशी एक जागा होती, तिथली फरशी जरा गुळगुळीत झालेली. ती तिथे जाऊन उभी राहिली.

आत खिळ्यानं मान वर केली. त्यानं तिला पाहिलं, हे तिनं पाहिलं. कारण सांगाल तेव्हा या, असं तो म्हणाला होता. कारण सांगून झालं होतं. मशीन थांबलं. आईनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

मग मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी फस्स नव्हतं. नुसतं खटखट, खटखट.

थोड्या वेळानं टिंब बाहेर आली, हातात स्टूल. तिनं ते आजीच्या शेजारी ठेवलं आणि आपण भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आजोबा बसायचे नाहीत," ती म्हणाली. "वाट बघतोय असं वाटेल म्हणून."

"मी वाट बघणार आहे," आई म्हणाली, आणि काठीवर भार देत हळूहळू स्टुलावर बसली.